लष्करी सरदार ते शहराचा कारभारी : नारोशंकर राजेबहादूर यांच्या कारकिर्दीचा ऐतिहासिक अभ्यास

बीजशब्द : नारोशंकर राजेबहादूर, वसई मोहीम, झाशी, दिल्लीची किल्लेदारी, पानिपत, मराठा प्रशासन

प्रस्तावना

नाशिक येथे पंचवटीच्या बाजूस, गोदावरीच्या काठी, रामकुंडाजवळ रामेश्वराचे एक मोठे मंदिर आहे. लोक त्यास रामेश्वराचे मंदिर क्वचितच म्हणतात. नारोशंकराचे मंदिर म्हणूनच ते सर्वांस परिचित आहे. मंदिराच्या दर्शनी भिंतीवर टांगलेली प्रचंड घंटा त्याहूनही प्रसिद्ध आहे. नाशिककरांच्या बोलण्यात 'नारोशंकराची घंटा' हा शब्दप्रयोग रुळलेला असून गोदावरीच्या महापुराच्या आठवणींतही तिचा उल्लेख येतो. ही घंटा नाशिकची नव्हे. तिच्यावर १७२१ हे साल असून ती पोर्तुगीज घडणीची आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यानंतर तेथील चर्चमधील ज्या घंटा घाटावर नेण्यात आल्या, त्यांपैकी ही एक होय, असे परंपरा सांगते.

म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावरून गेलेली ही वस्तू आहे. डहाणू, तारापूर, केळवे-माहीम आणि वसई या पट्ट्यातील विद्यार्थी वसईची मोहीम पाठ्यपुस्तकातून शिकतो. परंतु त्या मोहिमेतून हाती आलेली साधने, अनुभव आणि प्रतिष्ठा घेऊन मराठ्यांची पुढची पिढी कोठे गेली व तेथे तिने काय केले, याचा विचार सहसा होत नाही. ज्यांच्या नावाने ही घंटा ओळखली जाते ते नारोशंकर दाणी, मोगल बादशाहाकडून मिळालेल्या किताबाने राजेबहादूर, हे मूळचे लष्करी गृहस्थ. पुढे ते झाशीचे सुभेदार झाले आणि १७६० मध्ये काही महिने खुद्द दिल्लीचे किल्लेदार झाले. तलवारीच्या बळावर वर आलेल्या माणसाकडे शहर सोपविले की काय घडते, हा प्रश्न त्यांच्या कारकिर्दीच्या आधारे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी : उत्तर कोकणातील धडा

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. १५५९ मध्ये दमण त्यांच्या हाती आल्यावर वसई ते दमण हा सारा किनारा त्यांच्या 'उत्तर प्रांता'त मोडू लागला. या प्रांताची रचना मुळातच लष्करी होती. किल्ल्यावर कप्तान आणि गावांवर जहागीरदार असे. जमीन ज्याच्याकडे, त्याच्यावर शस्त्र आणि माणूस पुरविण्याची जबाबदारी. डहाणू, तारापूर, अशेरी ही ठाणी या साखळीतील कड्या होत्या. किनाऱ्यामागच्या डोंगराळ मुलखात, म्हणजे आजच्या तलासरी-जव्हारच्या बाजूस, जव्हार व रामनगर यांच्या राजांची सत्ता होती. पोर्तुगीज अंमल तेथे कधीच नीट रुजला नाही. किल्ला म्हणजे राज्य नव्हे, ही गोष्ट या प्रदेशाच्या भूगोलानेच सिद्ध केली होती.

१७३७ च्या मार्च महिन्यात मराठ्यांनी ठाणे व साष्टी घेतली. त्यानंतर दोन वर्षे वसईभोवती लढा रेंगाळला. जानेवारी १७३९ मध्ये मात्र चिमाजी आप्पांनी उत्तरेकडील ठाणी एकामागून एक घेतली. माहीम पडले, तारापूर पडले, डहाणू आले. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर हा नामांकित सरदार गोळी लागून पडला. मे महिन्यात वसईने शरणागती पत्करली. शरणागतीच्या अटी उदार होत्या. शिबंदीला सन्मानाने बाहेर पडू देण्यात आले, रहिवाशांना जंगम मालमत्ता नेण्याची मुभा मिळाली आणि जे राहतील त्यांना आपला धर्म पाळता येईल असे मान्य करण्यात आले.

विजयानंतर प्रश्न उभा राहिला तो कारभाराचा. मोहिमेत लढलेले शंकराजी केशव फडके यांच्याकडे वसईची सरसुभेदारी आली. वसईस बाजीपूर हे नाव देण्यात आले आणि तेथे नवी वस्ती व्हावी म्हणून घाटावरून व कोकणातून आलेल्यांना जमिनी व घरे देण्यात आली. वज्रेश्वरीचे मंदिर त्यांच्याच कारकिर्दीत उभे राहिले. मोर्चात सुरुंग लावणारा माणूस वर्षभरात वसुलाच्या याद्या तपासू लागतो, हे दृश्य मराठेशाहीत अपवादात्मक नव्हते. वेगळे अधिकारीवर्ग निर्माण करण्याइतका अवकाश त्या राज्याला मिळालाच नाही. जो मुलूख घेई, त्यालाच तो सांभाळावा लागे.

ही पद्धत केवळ मराठ्यांची म्हणता येत नाही. रशियन साम्राज्याने काळ्या समुद्राकाठी नवे बंदर वसविले तेव्हाही असेच झाले. फ्रेंच राज्यक्रांतीमुळे मायदेशाला दुरावलेला ड्यूक द रिशेल्यू रशियन सैन्यातून १७९० च्या इझ्माइलच्या लढाईत होता. १८०३ मध्ये झार पहिला अलेक्झांडर याने त्याला ओदेसा शहराचा प्रमुख नेमले. शहराच्या अशा प्रमुखासाठी रशियन भाषेत 'ग्रादोनाचाल्निक' हा शब्द आहे. व्यापाऱ्यांना सवलती देणे, परकीयांना वसविणे आणि १८१२ च्या प्लेगमध्ये शहर बंद करून साथ रोखणे ही त्याची कामे लष्करी शिस्तीतून आलेली होती. त्याच्या मागे मात्र एक सुस्थिर राजसत्ता होती आणि पुण्याच्या मानाने बराच भरलेला खजिना होता. नारोशंकरांची तुलना त्याच्याशी करताना हा फरक नजरेआड करून चालणार नाही.

झाशी : सक्तीने वसलेले शहर

१७२९ मध्ये बाजीरावांनी महंमदखान बंगशाच्या वेढ्यातून छत्रसालाची सुटका केली तेव्हापासून बुंदेलखंडात मराठ्यांचे पाऊल पडले होते. छत्रसालाने आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा बाजीरावांना दिला. पण बेतवेच्या बाजूचे ओर्छ्याचे बुंदेले मराठ्यांची चौथाई मनापासून मानीत नव्हते. १७४२ मध्ये ओर्छ्याच्या परिसरात दगाफटका होऊन राणोजी शिंद्यांचे पुत्र जोतिबा मारले गेले. या घटनेने पुण्याचे धोरण बदलले. खंडणी घेऊन परत फिरण्याऐवजी कायमचे ठाणे बसविण्याचे ठरले आणि ते काम नारोशंकरांकडे आले.

त्यांनी ओर्छ्याचा पराभव केला, आसपासचा मुलूख ताब्यात घेतला आणि मुक्कामासाठी ओर्छा न निवडता झाशीची टेकडी निवडली. या निवडीतच त्यांची दृष्टी दिसते. ओर्छा ही बुंदेल्यांची राजधानी. तेथील प्रत्येक वाडा, प्रत्येक देऊळ जुन्या राजवंशाची आठवण करून देणारे. झाशीचा किल्ला वीरसिंह देवाने १६१३ मध्ये बांधलेला असला तरी त्याखाली शहर म्हणावे असे काही नव्हते. तिथे सर्व काही नव्याने उभारता येत होते.

नारोशंकरांनी किल्ल्याचा विस्तार केला. वाढविलेला भाग शंकरगढ या नावाने ओळखला जातो. (हे नाव देवाचे की पित्याचे, हा प्रश्न रंजक आहे, नारो शंकर या नावातील शंकर म्हणजे वडील. बहुधा दोहोंचाही मान एकाच शब्दात राखला गेला असावा.) किल्ल्याखाली त्यांनी शहर वसविले, आणि ते वसविले ते सक्तीने. ओर्छा आणि आसपासच्या गावांतील लोकांना आपली घरे सोडून झाशीत राहावयास भाग पाडण्यात आले.

या ठिकाणी मराठी इतिहासलेखनाने थोडे थांबावयास हवे होते, असे वाटते. 'झाशी शहराचे संस्थापक' असा नारोशंकरांचा गौरव अनेक ठिकाणी केलेला आढळतो. परंतु ज्यांना घर उचलून नेण्यास सांगितले गेले, त्यांच्या बाजूने या घटनेकडे क्वचितच पाहिले जाते. विणकर, कासार, सोनार, वाणी हे ओर्छ्याच्या दरबारावर जगणारे लोक. दरबार पराभूत झाल्यावर त्यांना गिऱ्हाईक उरले नव्हते हे खरे; तरीही पिढ्यान्‌पिढ्यांची जागा सोडणे आणि हुकमाने सोडावी लागणे यात अंतर आहे. वसईस जमीन देऊन माणसे आणली गेली, झाशीस हुकूम देऊन. दोन्हीकडे हेतू एकच होता. किल्ल्याला पोसणारी पेठ हवी होती. धान्य साठविणारा वाणी, हुंडी वटविणारा सावकार, नाल ठोकणारा लोहार आणि पाणी वाहणारा भिस्ती यांच्यावाचून शिबंदी महिनाभरही तग धरू शकत नाही. वेढ्यांच्या लढाया पाहिलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही.

पेठ टिकली, याचे श्रेय मात्र केवळ सक्तीला देता येणार नाही. झाशी ग्वाल्हेर व सागर-काल्पी यांच्या मधोमध आहे. दक्षिणेतून दिल्ली-अंतर्वेदीकडे जाणाऱ्या फौजांना आणि तिकडून पुण्याकडे जाणाऱ्या रकमांना ही वाट सोयीची होती. सागर-काल्पीकडे गोविंदपंत बुंदेले, माळव्यात शिंदे-होळकर आणि मध्ये झाशी अशी ही रांग होती. सुमारे पंधरा वर्षे नारोशंकर येथे राहिले. १७५७ मध्ये पेशव्यांनी त्यांना परत बोलाविले. पुढे १७७० च्या सुमारास रघुनाथ हरी नेवाळकर यांच्याकडे सुभेदारी आली व तिच्यातूनच झाशी संस्थान आकारास आले. १८५८ च्या वसंतात राणी लक्ष्मीबाईंनी जो किल्ला आणि जे शहर लढविले, त्याचा पाया हा असा शंभर वर्षांपूर्वी घातलेला होता.

पैसा कोठे गेला

बुंदेलखंडातून आलेल्या संपत्तीचा काही भाग गोदावरीच्या खोऱ्यात उमटलेला दिसतो. नाशिकचे मंदिर १७४७ चे. त्यावर अठरा लक्ष रुपये खर्च झाल्याचे सांगितले जाते. हा आकडा ऐकीव मानला तरी मंदिराभोवतीची तटबंदी आणि शिल्पकाम पाहता खर्च थोडका नसावा. मालेगाव येथे मोसम नदीकाठचा भुईकोटही त्यांचाच. या कोटाच्या मजबुतीची परीक्षा फार उशिरा झाली. पेशवाई बुडाल्यानंतर, १८१८ च्या मे-जून महिन्यांत, आतील अरब शिबंदीने कंपनीच्या फौजेला तेथे जवळजवळ महिनाभर झुंजविले.

मंदिराभोवती तट बांधणारा आणि शहराआधी किल्ला रचणारा हा मनुष्य अखेरपर्यंत लष्करी दृष्टीनेच विचार करीत होता, असे म्हणता येते. देवळाच्या दर्शनी भागी त्याने टांगली ती वसईची घंटा. जी घंटा एका किनाऱ्यावरील ख्रिस्ती वस्तीला प्रार्थनेस बोलावीत असे, ती आठ वर्षांनी दुसऱ्या नदीकाठी शिवाच्या आरतीला वाजू लागली. विजयाचे चिन्ह म्हणून तिचे महत्त्व मोठे आहे. वसईच्या ज्या लोकांच्या कानांतून तो नाद गेला, त्यांची बाजू मात्र नाशिकच्या स्थलवर्णनांत येत नाही.

दिल्ली : खजिना नसलेले शहर

१० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले आणि उत्तरेतील मराठी सत्ता डळमळली. तिला सावरण्यासाठी सदाशिवरावभाऊ मोठ्या फौजेनिशी निघाले. जुलैअखेर ते ऑगस्टच्या आरंभी दिल्लीचे शहर व लाल किल्ला त्यांच्या हाती आला. किल्ल्याची व शहराची व्यवस्था त्यांनी नारोशंकरांकडे दिली. ज्याने ओसाड टेकडीखाली शहर उभे केले, त्याला हिंदुस्थानची राजधानी सांभाळणे जड जाणार नाही, असा हिशेब यामागे असावा.

परंतु झाशी आणि दिल्ली यांत महदंतर होते. झाशीत माणसे कमी होती व जमीन मोकळी होती. दिल्लीत माणसे होती, पण अन्न व पैसा नव्हता. १७५७ च्या स्वारीत अब्दालीने शहर धुऊन नेले होते. त्यानंतर वजीर इमाद-उल्-मुल्कच्या राजकारणात बादशाह दुसरा आलमगीर याचा खून झाला आणि शहराचा उरलासुरला विश्वासही संपला. सावकार गेले होते, अमीर गेले होते. भाऊसाहेबांना दिवाण-इ-खासचे चांदीचे छत काढून त्याची नाणी पाडावी लागली; त्यातून सुमारे नऊ लक्ष रुपये निघाले. एवढ्या मोठ्या फौजेला ते किती दिवस पुरणार? शिवाय याच सुमारास सूरजमल जाट मोहिमेतून बाजूला झाला. त्याच्या जाण्याने रसदीचा सर्वांत जवळचा व सर्वांत खात्रीचा आधार तुटला. दिल्लीचा कारभार कोणाकडे द्यावा हा त्याच्या नाराजीतील एक मुद्दा होता, हे लक्षात घेतले म्हणजे नारोशंकरांच्या नेमणुकीला किती राजकीय किंमत मोजावी लागली ते कळते. नेमणूक त्यांनी मागून घेतलेली नव्हती. पण तिचे ओझे त्यांच्याच खांद्यावर आले.

१० ऑक्टोबर १७६० रोजी भाऊसाहेबांनी तिसरा शाहजहान यास दूर करून बिहारकडे असलेल्या शाह आलमच्या नावाने द्वाही फिरविली व त्याचा पुत्र जवानबख्त यास पुढे केले. त्यानंतर फौज उत्तरेकडे गेली. १७ ऑक्टोबरला कुंजपुरा घेतले गेले, अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि नोव्हेंबरपासून दोन्ही सैन्ये पानिपतावर समोरासमोर बसली. अब्दालीची फौज दिल्ली आणि पानिपत यांच्या मध्ये आली होती. नारोशंकरांच्या किल्लेदारीचा अर्थ त्या दिवसापासून पूर्णपणे बदलला. तोवर दिल्ली हे पिछाडीचे ठाणे होते. आता ते पानिपतापासून तुटलेले ठाणे झाले.

तरीही पानिपताच्या छावणीचा जीव दिल्लीतच अडकलेला होता. अंतर्वेदीतून गोविंदपंतांनी पैसा व धान्य पाठवायचे, ते दिल्लीत यायचे आणि तेथून छावणीत पोहोचवायचे, अशी योजना होती. डिसेंबरात गोविंदपंत मारले गेले. जी रक्कम तोवर दिल्लीत आली होती, तिच्यातील काही स्वारांच्या हाती वाटून नारोशंकरांनी गुप्तपणे पानिपताकडे धाडली. जानेवारी १७६१ च्या आरंभी ही तुकडी रात्रीच्या अंधारात वाट चुकली आणि आपलीच छावणी समजून अफगाणांच्या गोटात शिरली. मराठी बोलण्यावरून ते ओळखले गेले व कापले गेले. दिल्लीत शिल्लक होते ते पाठविण्यात आले, आणि पोहोचले मात्र शत्रूकडे. युद्धाच्या इतिहासात अशा चुका तळटीपेत जातात. पण उपाशी छावणीच्या दृष्टीने ती तळटीप नव्हती. आठवड्याभरातच अन्नावाचून मरण्यापेक्षा लढून मरावे या निश्चयाने सैन्य बाहेर पडले.

१४ जानेवारीच्या पराभवाची बातमी दिल्लीत आली तेव्हा नारोशंकरांनी शहर सोडले. शिबंदी, कुटुंबकबिला आणि सोबत नेता येईल ते घेऊन ते दक्षिणेकडे निघाले. महिनाअखेरीस अब्दाली दिल्लीत आला.

या निर्णयावर पुढे टीका झाली. दिल्लीचा किल्ला लढविला असता तर अब्दालीला काही काळ अडवून धरता आले असते, असा तर्क केला जातो. तो तपासून पाहण्यासारखा आहे. वेढा सोसण्यास तीन गोष्टी लागतात. आत धान्य हवे, बाहेर सोडवणुकीला येणारी फौज हवी आणि शहराची मर्जी हवी. धान्य नव्हते, हे ऑगस्टपासूनच स्पष्ट होते. सोडवणुकीची फौज पानिपतावर संपली होती. नानासाहेब पेशवे अद्याप माळव्याच्या बाजूस होते. राहिली शहराची मर्जी. चांदीचे छत काढून नाणी पाडणाऱ्या सत्तेसाठी दिल्लीकरांनी उपास का काढावेत? झाशीत नारोशंकरांनी माणसे बांधून ठेवली होती ती पंधरा वर्षांच्या वास्तव्याने आणि पेठेच्या चलतीने. दिल्लीत त्यांना जेमतेम साडेपाच महिने मिळाले. त्या मुदतीत कोणताही कारभारी शहर आपलेसे करू शकला नसता. त्यांच्यावर ठेवता येण्याजोगा दोष वेगळा आहे. रसदीचा एकच मार्ग, एकच पुरवठादार आणि एकच गोदाम यांवर सारी मदार ठेवली गेली. ती चूक मुळात भाऊसाहेबांची. पण उत्तरेत वीस वर्षे काढलेल्या किल्लेदाराने त्याविरुद्ध आवाज उठवावयास हवा होता.

पानिपतानंतर

नारोशंकरांची कारकीर्द पानिपताने संपली नाही. नानासाहेबांच्या निधनानंतर माधवराव व रघुनाथराव यांच्यात जो कलह झाला त्यात त्यांचे नाव पुन्हा पुढे आले. आळेगावच्या विजयानंतर रघुनाथरावांनी भवानराव प्रतिनिधींचे पद काढून ते आपल्या लहान मुलाच्या नावे केले आणि प्रत्यक्ष कामासाठी नारोशंकरांना मुतालिक नेमले. या फेरबदलांनी पटवर्धन व प्रतिनिधी दुखावले आणि निजामाच्या बाजूस गेले. १७६३ मध्ये पुणे लुटले गेले त्यामागे हेही एक कारण होते. १० ऑगस्ट १७६३ च्या राक्षसभुवनच्या लढाईनंतर माधवरावांनी भवानरावांना त्यांचे पद परत दिले व ही मुतालकी संपली.

या टप्प्यावर एक विरोधाभास लक्षात येतो. ज्याच्या हातून राजधानी गेली, त्याला सातारच्या एका जुन्या मानाच्या पदाचा कारभार दिला गेला. पेशवे दरबारात अपयशापेक्षा अनुभव आणि पक्षनिष्ठा यांना अधिक भाव होता, एवढाच त्याचा अर्थ. रघुनाथरावांना विश्वासू माणूस हवा होता; दोन शहरे सांभाळलेला मनुष्य रिकामा बसला होता.

मालेगाव व नाशिक परिसरात राजेबहादूर घराण्याची वतने व वाडे पुढे दीर्घकाळ राहिले. झाशीचा शंकरगढ किल्ल्यात आहे. दिल्लीत त्यांची कोणतीही खूण नाही. वसईच्या किल्ल्यात घंटा नसलेली चर्चे उभी आहेत आणि ज्या डहाणू-तारापूरच्या वाटेने चिमाजी आप्पांची फौज वसईवर आली, त्या वाटेवरील तारापूरचा कोट समुद्राच्या वाऱ्यात झिजतो आहे. नाशिकची घंटा आता तडे जाण्याच्या भीतीने सहसा कोणी वाजवीत नाही.